झोपवलेला संगणक उठत नाही? आधी रेग्युलेटर तपासा

उसाचा हंगाम सुरू झाला की संकेश्वर, चिक्कोडी, निपाणीकडच्या वजनकाट्यांवरून एक तक्रार ठरलेली असते: "रात्री झोपवून ठेवलेला, सकाळी उठंनाच झालाय की ओ. पंखा फिरतोय, स्क्रीन काळीच." पावसाळ्यात हीच तक्रार खानापूरकडून येते. त्यावर सर्रास दोन उपाय चालतात: विंडोज परत टाकायचं, नाहीतर रॅम काढून खोडरबरानं पुसून बसवायची. दोन्हींनी अधूनमधून गुण येतो, म्हणून कुणी पुढं बघत नाही. आठवड्यानं गिऱ्हाईक परत दारात उभं.

या तक्रारीत निम्मं उत्तर मल्टिमीटर देतो. झोपेत, म्हणजे स्लीपमध्ये, कुठला व्होल्टेज चालू राहायला हवा, उठताना कुठला परत यायला हवा आणि कुठल्या क्रमानं, एवढं डोक्यात बसलं की बोर्ड न बदलता दोष सापडतो. खालची पद्धत डेस्कटॉप धरून लिहिली आहे, लॅपटॉपचं वेगळं काय ते शेवटाकडे येईल. मीटर धरायची आणि बोर्ड उघडायची सवय असेल तरच पुढं जा. एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाच्या पॉवर सप्लायचा, डबा मात्र या लेखापुरता बंदच ठेवायचा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 325 व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो.

झोपेत काय चालू, काय बंद

साध्या स्लीपला, म्हणजे एस-थ्री अवस्थेत, प्रोसेसर पूर्ण बंद असतो. हार्ड डिस्क आणि पंखेही बंद. एसएमपीएसचे 12 व्होल्ट, 5 व्होल्ट आणि 3.3 व्होल्ट हे मुख्य पुरवठे गेलेले असतात. उरतो एकच: 5 व्होल्ट स्टँडबाय, म्हणजे एसएमपीएसमधून बोर्डावर येणाऱ्या 24 पिनी कनेक्टरमधली जांभळी वायर. तिच्यावर बोर्डाचा 3.3 व्होल्टचा स्टँडबाय रेग्युलेटर (व्होल्टेज ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवणारा भाग) चालतो, कीबोर्डची जाग चालते, लॅन कार्डाची जाग चालते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रॅमला तिच्यातूनच वीज मिळते. तुमचं उघडं बिल, अर्धवट पावती, सगळं त्या रॅममध्ये असतं.

आता ही जांभळी वायर कधी बंद होते? कधीच नाही. गिऱ्हाईक संगणक शटडाउन करून घरी जातं, भिंतीवरचं बटण तसंच चालू. स्टँडबायचं सर्किट वर्षाचे बारा महिने, दिवसाचे चोवीस तास तापत बसतं. साहजिकच त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळ्यांच्या आधी सुकतात. बाकीचा एसएमपीएस ठणठणीत, मशीन चालू असताना काही तक्रार नाही, आणि स्लीपमध्ये मात्र घोळ, असं दिसलं की माझा पहिला संशय तिथंच जातो.

हायबरनेट वेगळं. त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन बंदच होतं. म्हणून "हायबरनेटमधून उठतो, स्लीपमधून उठत नाही" असं गिऱ्हाइकानं सांगितलं, तर रॅमचा पुरवठा किंवा स्टँडबाय यांच्याकडे बोट गेलंच म्हणून समजा. हे आधी विचारून घ्या, तुमचा अर्धा तास वाचतो.

मशीन कुठली झोप घेतंय तेही बघून ठेवा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी /ए' ही कमांड दिली की एस-थ्री आहे, हायबरनेट आहे, की नव्या लॅपटॉपसारखं एस-झिरो लो पॉवर आयडल आहे ते कळतं. एस-झिरोमध्ये प्रोसेसर बंद होत नाही, नुसता डुलकी घेतो. तिथं ड्रायव्हरचा दोष जास्त संभवतो आणि खालची मोजमापं जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

लक्षणावरून वाटणी

उठवायचं बटण दाबल्यावर काहीच होत नाही, पॉवरचा दिवा लुकलुकत राहतो: एकतर स्टँडबाय अशक्त आहे, नाहीतर उठण्याचा हुकूम बोर्डाकडून एसएमपीएसपर्यंत पोचत नाही.

पंखा क्षणभर फिरतो, थांबतो, परत फिरतो: कुठलातरी रेग्युलेटर उठताना ओव्हरलोड किंवा शॉर्ट बघून स्वतःला बंद करतोय, किंवा मुख्य पुरवठा येता येता कोसळतोय.

पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी: घाई करू नका. कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा चालू-बंद होत असेल तर मशीन जागं आहे, फक्त डिस्प्ले आलेला नाही. तो ग्राफिक्स ड्रायव्हरचा किंवा मॉनिटरच्या केबलचा मामला. त्याच नेटवर्कवरच्या मोबाइलवरून पिंग करून बघितलं तरी चालतं. दोन्हींना उत्तर नाही, तर प्रोसेसर चालूच झालेला नाही किंवा रॅममध्ये कचरा झालाय.

उठतो, पण नव्यानं बूट होतो आणि उघड्या फायली गेलेल्या असतात: झोपेत असताना रॅमची वीज गेली. हे लक्षण आपल्या भागात सगळ्यात जास्त दिसतं आणि बहुतेक वेळा दोष संगणकाच्या डब्याच्या, म्हणजे कॅबिनेटच्या, बाहेर असतो. म्हणून सुरुवात बाहेरून.

डब्याच्या बाहेर

आधी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टिमची नोंद बघा. 'कर्नल-पॉवर 42' म्हणजे मशीन झोपायला गेलं. नीट उठलं असेल तर 'पॉवर-ट्रबलशूटर 1' ही नोंद येते, तिच्यात झोपल्याची आणि उठल्याची वेळ असते. 42 च्या नंतर 1 नाही आणि थेट 'कर्नल-पॉवर 41' दिसली, तर मशीन नीट बंद न होता नव्यानं सुरू झालं. मग गिऱ्हाइकाला विचारा, रात्री लाइट गेली होती का?

"लाइट गेली तरी यूपीएस आहे की," हे उत्तर हमखास येतं. इथंच मेख आहे. काही यूपीएसमध्ये बॅटरीवर असताना लोड फारच कमी दिसला तर आपोआप बंद व्हायची सोय असते, बॅटरी वाचवण्यासाठी. झोपलेला संगणक मोजके वॅट घेतो. मॉनिटर बंद, प्रिंटर बंद. यूपीएसला वाटतं कुणीच नाही, आणि तो दुकान बंद करतो. रॅम गेली. चाचणी सोपी: मशीन झोपवा, यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा आणि चहा पिऊन या. आल्यावर यूपीएस मेलेला असेल तर बोर्डाला हात लावायची गरज नाही. ती सोय बंद करता येत असेल तर करा, नाहीतर यूपीएसवर एखादा छोटा कायमचा लोड ठेवा. राउटर त्याला उत्तम, तसाही तो यूपीएसवरच हवा.

सॉकेटमधला व्होल्टेजही मोजा, पण गिऱ्हाइकाच्या जागी आणि तक्रारीच्या वेळी. दुकानात आणलेलं मशीन दुकानाच्या 230 व्होल्टवर गुमान उठतं. शेतीपंपांची थ्री फेज लाइन सुरू झाली की गावातला व्होल्टेज उतरतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शेजारच्या फाउंड्रीची भट्टी लागली की झटका बसतो. एसएमपीएसच्या लेबलवर इनपुटची मर्यादा छापलेली असते. 180 पासून सुरू होणारा स्वस्त एसएमपीएस आणि 100 पासून सुरू होणारा एसएमपीएस यांच्यातला फरक वजनकाट्यावर कळतो. रिलेवाला स्टॅबिलायझर मधे घालायचा सल्ला मी देत नाही. टप्पा बदलताना तो स्वतःच क्षणभर पुरवठा तोडतो. त्या पैशात चांगला एसएमपीएस येतो.

24 पिनी कनेक्टरवरची मोजणी

अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढा. मीटरची काळी प्रोब क्लिप लावून कॅबिनेटच्या उघड्या धातूवर अडकवा, म्हणजे एकच हात आत जाईल. कनेक्टर बोर्डावरच राहू द्या. लाल प्रोब वायरच्या बाजूनं, मागून आत सरकवायची. जांभळी वायर 9 नंबरच्या पिनवर असते, करडी 8 वर, हिरवी 16 वर. काही एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या असतात, तिथं पिनच मोजून धरायची.

मशीन झोपवा. जांभळ्या वायरवर 4.75 ते 5.25 व्होल्टच्या आत आकडा हवा. 4.6 आला तर निदान झालं. 5.02 आला तरी खूश होऊ नका, कारण झोपेत त्या वायरवर ओझं फार नसतं. खरी परीक्षा उठताना. मीटरमध्ये मिन-मॅक्स असेल तर मिन लावा, मशीन उठवा आणि सगळ्यात खालचा आकडा वाचा. मीटर हळू असतो, काही मिलिसेकंदांची बुडी त्याला दिसत नाही; त्यामुळे मिनमध्ये खराब आकडा आला तर तो खरा, चांगला आला तर शंका कायम. ऑसिलोस्कोप असेल तर हिरवी वायर एका चॅनेलवर घेऊन ती खाली पडताना ट्रिगर करा, दुसऱ्या चॅनेलवर जांभळी. एटीएक्स या डेस्कटॉपच्या मानकाप्रमाणे स्टँडबायवरची रिपल (डीसीवरचा बारीक चढउतार) 50 मिलिव्होल्टच्या आत हवी. सुकलेल्या कपॅसिटरवर ती त्याच्या कितीतरी पुढं जाते.

आता हिरवी. झोपेत ती वर असते, साधारण 3 ते 5 व्होल्ट. बटण दाबलं की बोर्ड तिला खाली ओढतो, 0.8 व्होल्टच्याही खाली. हा एसएमपीएसला दिलेला हुकूम. त्यानंतर मुख्य पुरवठे येतात आणि ते स्थिर झाल्यावर, सुमारे 100 ते 500 मिलिसेकंदांनी, करड्या वायरवर 5 व्होल्ट येतात. तो एसएमपीएसचा निरोप: सगळं ठीक आहे, पुढं चला.

या तीन वायरींवरूनच दोषाची बाजू ठरते. हिरवी खाली जातच नाही, तर बोर्डाच्या बाजूला दोष. हिरवी खाली गेली पण 12 व्होल्ट आले नाहीत, किंवा सगळं आलं आणि करडी मेलेली, तर एसएमपीएस बदला. तिन्ही बरोबर आणि तरी मशीन मेलेलं, तर बोर्डावर उतरायचं.

एक खूण लक्षात ठेवा. सकाळी थंड असताना उठत नाही, पाचदहा मिनिटं चालू राहिल्यावर झोपवला तर लगेच उठतो, असं असेल तर सुकलेला कपॅसिटर जवळपास नक्की. डिसेंबरमध्ये बेळगावच्या सकाळी हा दोष आपसूक दिसतो. मे महिन्यात रात्रभर झोपवून पहाटे बघावं लागतं.

बोर्डावर: रॅमची वीज एका हातातून दुसऱ्या हातात

हा भाग सगळ्यात नाजूक आहे आणि दुकानात सगळ्यात कमी बघितला जातो.

झोपेत रॅमचा रेग्युलेटर स्टँडबायच्या 5 व्होल्टवर चालतो. उठल्यावर रॅम पूर्ण जोमानं करंट मागते, तो स्टँडबायला झेपत नाही. म्हणून मुख्य 5 व्होल्ट आल्यावर पुरवठा तिकडं वळवावा लागतो. बऱ्याच बोर्डांवर हे काम दोन मॉस्फेट (स्विचसारखे चालणारे ट्रान्झिस्टर) करतात आणि त्यांच्या पुढच्या सामाईक लाइनला 5 व्होल्ट ड्युअल म्हणतात. कारखान्यात पाळी बदलते तसं हे आहे: दुसऱ्या पाळीचा माणूस मशीनवर आल्याशिवाय पहिल्यानं जागा सोडायची नाही. एका मॉस्फेटचं गेट सुस्त झालं, किंवा त्या लाइनवरचा कपॅसिटर फुगला, की मधे फट पडते. रॅमचा व्होल्टेज काही मिलिसेकंद बुडतो, आतला मजकूर बिघडतो, आणि मशीन उठतं ते गोठलेलं. त्यानंतर सगळे व्होल्टेज मोजा, सगळे बरोबर! म्हणून मेकॅनिक रॅमला दोष देतो.

मोजायचं कुठं? रॅमच्या स्लॉटजवळच्या कॉइलवर. रेग्युलेटरच्या पायांवर प्रोब लावू नका, पाय इतके जवळ असतात की प्रोब घसरली तर दोन पाय शॉर्ट होतात आणि चांगला बोर्ड जातो. प्रोबच्या टोकाला हीट श्रिंक चढवून फक्त एक मिलिमीटर धातू उघडा ठेवा. कॉइलच्या दोन टोकांपैकी मॉस्फेटच्या बाजूला नाही, कपॅसिटरच्या बाजूला मोजायचं.

डीडीआर थ्री असेल तर 1.5 व्होल्ट, तिच्या कमी व्होल्टेजच्या प्रकारात 1.35. डीडीआर फोरला 1.2, आणि त्याशिवाय 2.5 व्होल्टची वेगळी लाइन. झोपेत दोन्ही जिवंत हव्यात. डीडीआर फोरचा आकडा 1.14 ते 1.26 च्या बाहेर जाता कामा नये, झोपेतही नाही आणि उठतानाही नाही. डीडीआर फाइव्हमध्ये रेग्युलेटर रॅमच्या पट्टीवरच असतो आणि बोर्ड त्याला 5 व्होल्ट देतो; तिथं झोपेत ते 5 व्होल्ट पट्टीपर्यंत येतात का एवढंच बघायचं, पट्टीवरचं पीएमआयसी (म्हणजे तो रेग्युलेटर) बिघडलं असेल तर पट्टी बदलायची.

झोपेत टर्मिनेशनची लाइन, जी रॅमच्या व्होल्टेजच्या निम्मी असते, ती बंद असते. प्रोसेसरभोवतीच्या कॉइलींवर शून्य दिसतं. हे दोष नव्हेत. उलट झोपेत प्रोसेसरच्या कॉइलवर व्होल्टेज दिसला तर मशीन खऱ्या अर्थानं झोपलेलंच नाही.

रॅमच्या कित्येक रेग्युलेटर आयसींना दोन हुकमी पाय असतात, त्यांची नावंच एस-3 आणि एस-5. टीपीएस51116 हा त्यातला नेहमी भेटणारा. एस-5 वर आणि एस-3 खाली: रॅम जिवंत, टर्मिनेशन बंद, म्हणजे झोप. दोन्ही वर: पूर्ण जाग. दोन्ही खाली: सगळं बंद. झोपवल्यावर रॅमचा व्होल्टेज शून्य झाला तर आधी एस-5 बघा. तो खाली असेल तर रेग्युलेटर निर्दोष आहे, त्याला चुकीचा हुकूम येतोय. चिपसेटकडून येणारी स्लीप-एस-4 ही लाइन मागं शोधत जा. एस-5 वर आहे आणि तरी व्होल्टेज नाही, तर आयसीला मिळणारा 5 व्होल्ट तपासा, तो असेल तर आयसी बदला. डेटाशीट उघडून ठेवल्याशिवाय हे काम करू नये.

हिरवी वायर खाली जात नव्हती त्या मशीनवर 3.3 व्होल्ट स्टँडबाय मोजा. तो 3 च्या खाली असेल तर बटणाचा हुकूम वाचायलाच कुणी जागं नाही. खानापूर, कणकुंबी पट्ट्यातल्या बोर्डांवर इथं पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर सापडतो. ओल सगळ्या बोर्डाला लागते, पण गंज आधी धरतो तो कायम वीज असलेल्या भागाला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं धुवा, पूर्ण वाळवा, मगच वीज द्या. निम्म्या वेळा एवढ्यावर भागतं.

सॉफ्टवेअरचा संशय फेडायचा असेल तर

लिनक्सचा पेनड्राइव्ह लावा, शक्य असेल तर सगळी सिस्टिम रॅममध्ये चढवून चालवा, कारण झोपेत यूएसबीची वीज गेली तर पेनड्राइव्हच हरवतो. टर्मिनलमध्ये '/सिस/पॉवर/मेम_स्लीप' ही फाइल वाचा. चौकोनी कंसात 'डीप' असेल तर खरी एस-थ्री झोप मिळेल. मग 'आरटीसीवेक -एम मेम -एस 60' ही कमांड रूटच्या अधिकारानं द्या. नावं इथं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग. मशीन झोपेल आणि साठ सेकंदांनी आपलं आपण उठेल. हे लूपमध्ये टाकून जेवायला जा. लिनक्सवर प्रत्येक वेळी उठतं आणि विंडोजवर अडतं, तर रेग्युलेटरला सोडा, चिपसेट आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर बघा. दोन्हीकडं अडतं, तर हार्डवेअर.

बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवायची सेटिंग) चालू असेल तर तपासणीपुरतं बंद करा. एस-थ्रीमधून उठताना बायोस रॅमची जुळणी पहिल्यापासून करत नाही, आधी साठवलेली वापरतो. वेग ताणून ठेवलेला असेल तर तिथं घसरतो. बोर्डावरचा बटणासारखा गोल सेलही मोजा. 2.8 व्होल्टच्या खाली असेल तर बदलून टाका, किमतीच्या मानानं विचार करण्यासारखं काही नाही.

लॅपटॉप

लॅपटॉपमध्ये एसएमपीएसची जागा अडॅप्टर आणि बॅटरी घेतात आणि जांभळ्या वायरीचं काम 3 व 5 व्होल्टचा एक दुहेरी रेग्युलेटर करतो. एकदा नुसत्या अडॅप्टरवर, एकदा नुसत्या बॅटरीवर झोपवून बघा. एकावर उठतो आणि दुसऱ्यावर नाही, तर दोष त्या वाटेवरच्या मॉस्फेटात. दोन्हींवर उठत नाही, तर दुहेरी रेग्युलेटरच्या दोन कॉइलींवर मोजा. तिथून पुढं रॅमची गोष्ट वर सांगितली तशीच.

दुरुस्ती आणि परत देताना

कपॅसिटर बदलताना 105 डिग्रीचा, लो ईएसआर (आतला रोध कमी) असलेला घ्या. क्षमता तीच, व्होल्टेज तेवढाच किंवा वरचा. पट्टीची बाजू ऋण. एक फुगलेला दिसला तर त्याच लाइनवरचे बाकीचेही काढा, दिसायला चांगले असले तरी. मॉस्फेट बदलताना नुसता आकार जुळवू नका, पी चॅनेल की एन चॅनेल ते बघा. ड्युअल लाइनवर दोन्ही शेजारीशेजारी बसलेले असतात.

बोर्ड जुना आहे, आयसी मिळत नाही आणि काटा तर उद्या सकाळी सहाला सुरू करायचाय, अशा वेळी स्लीप बंद करून हायबरनेट लावून द्या. कमांड 'पॉवरसीएफजी /एच ऑन'. उठायला थोडा जास्त वेळ लागतो, डेटा जात नाही. बोर्ड चांगला असेल आणि त्रास फक्त लाइट जाण्याचा असेल, तर पॉवर ऑप्शन्समध्ये हायब्रिड स्लीप चालू करा. त्यात रॅम जागी राहतेच, शिवाय तिची प्रत डिस्कवरही लिहिली जाते. लाइट टिकली तर झटकन उठतो. गेली तर डिस्कवरून सगळं परत येतं. लाइटचा भरवसा नसलेल्या गावात डेस्कटॉपला याच्याशिवाय दुसरी सेटिंग मी ठेवतच नाही.

मशीन परत देण्याआधी ते रात्रभर दुकानात झोपवून ठेवा, सकाळी शटर उघडल्या उघडल्या, काही तापायच्या आत उठवा. मग पुन्हा झोपवून गिऱ्हाइकाचाच यूपीएस लावून भिंतीतला प्लग ओढा. गिऱ्हाइकाला येताना यूपीएस घेऊनच यायला सांगत चला, तो घरी ठेवून आलेला असतो.